मिस्त्रींचा आरसा आणि माझी टोपी

आमच्या खोऱ्यात कुणाच्या घरी गेलं की टोपी काढून मांडीवर दोनदा झटकायची रीत आहे. पाऊस इथे वर्षातून दोनदा येतो, तोही पायरीवरूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखा. धूळ मात्र घरचीच. उंबरठ्याबाहेर टोपी झटकली तर माणूस सभ्य, आत झटकली तर गाढव. त्या मे महिन्यातल्या सकाळी मी ती आत झटकली.

आत म्हणजे आवेलिनो मिस्त्रींच्या मागच्या खोलीत. मिस्त्री तिथे दुर्बिणीच्या आरशाला शेवटची झिलई देत होते. त्या खोलीचा कायदा असा, की शिरायचं तर हातपाय धुऊन शिरायचं, आणि शिंक आली तर खुशाल मरायचं, पण शिंकायचं नाही. मी पडलो गावचा पाववाला. हातात गरम पावांची पिशवी असली की जगातले सगळे कायदे मला वाट करून देतात, अशी माझी समजूत. त्यात अंगणात चहा पिताना मी टोपी पिंपावर ठेवली होती आणि त्या पिंपाच्या कडेला काच घासायची कुरुंदाची जाड पूड चिकटलेली होती. आत शिरलो, "शुभ सकाळ, मिस्त्री!" म्हणालो, आणि फट, फट.

मग एक आवाज आला. कर्र. दातांत वाळूचा खडा यावा एवढासाच. मिस्त्रींचा हात लगेच थांबला, पण लगेच म्हणजे तोवर तीन फेरे झाले होते. त्यांनी आरसा उचलला, पाण्याखाली धरला, अंगठ्याचं नख काचेवरून फिरवलं. मी शिव्यांची वाट बघत उभा. खोऱ्यातल्या शिव्या चांगल्या असतात, त्यांनी माणूस मोकळा होतो. पण मिस्त्री म्हणाले, "किती आहेत?"

"काय किती?"

"ओरखडे, लिंडोर. किती आहेत आणि केवढे आहेत?"

"तुमच्या हातातच तर आहे आरसा."

"मी विचारलं, किती."

"तीन. बोटभर लांब. वाकडे," मी म्हणालो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मिस्त्री आरशाकडे बघतच नव्हते. त्यांची मान थोडी वळलेली होती आणि ते खिडकीच्या चौकटीकडे बघून आरसा बघायचा प्रयत्न करत होते.

दारात त्यांची थोरली बहीण एर्मिंदाताई उभी होती. "सांग आता त्याला," ती म्हणाली. "गावभर पाव वाटतो, बातमीही वाटेल मेला."

"तुझं तोंड मी नाताळापासून पाहिलेलं नाही, लिंडोर," मिस्त्री म्हणाले. "मधे एक डाग असतो. ज्याच्याकडे बघावं तो त्या डागात जातो. तुझे कान तेवढे दोन बाजूंना दिसतात. तक्रार नाही. तुझ्यात बघण्यासारखे तेच आहेत."

मी हसलो. त्या घरात त्या दिवशी हसणारा मी एकटाच होतो.

मिस्त्रींचं अख्खं नाव आवेलिनो ताबिलो. वरच्या डोंगरावर जी मोठी वेधशाळा आहे, तिथे एकतीस वर्षं त्यांनी आरसे धुतले. मोठ्या दुर्बिणीत भिंग नसतं, आरसा असतो, खोलीएवढा. दोन वर्षांत त्याचा चकचकीत मुलामा विटतो. मग तो आरसा खाली उतरवायचा, जुना मुलामा औषधाच्या पाण्यानं काढायचा, कापसानं धुवायचा, आणि एका प्रचंड पोलादी टाकीत घालून, आतली हवा काढून, त्यावर ॲल्युमिनियमचा नवा मुलामा चढवायचा. केसापेक्षा कितीतरी पातळ. हे काम मिस्त्रींचं. जगभरातले शास्त्रज्ञ त्यांच्या आरशात बघून मोठे झाले.

स्वतः मिस्त्रींनी मात्र त्यात कधी काही पाहिलं नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही. पण त्या दुर्बिणींना डोळा लावायला जागाच नसते. आरशावर पडलेला उजेड यंत्रात जातो, यंत्रातून संगणकात, आणि शास्त्रज्ञ खालच्या खोलीत मोजे घालून पडद्यावर आकडे बघत बसतात. एकानं जाताना मिस्त्रींना एक फोटो दिला होता. लांबच्या एका दीर्घिकेचा. मधे फुगीर उजेड, खाली पसरट काठ, आणि काठावरून आडवी काळी रेघ. तिला टोपीच म्हणतात, आमच्या भाषेत सोम्ब्रेरो. "हा तुझ्या आरशानं काढलाय," तो म्हणाला होता. मिस्त्रींनी तो स्वयंपाकघरात संत अँड्र्यूच्या तसबिरीशेजारी लावला. मला त्यात दरवेळी सुरीनं चीर दिलेला पाव दिसायचा, पण मी बोलायचो नाही.

निवृत्त झाल्यावर मिस्त्री एकदा चहाच्या वेळी मला म्हणाले होते, "फोटोत काय, कोणीही काहीही दाखवतं. मला ती स्वतःच्या डोळ्यानं बघायचीय. माझ्या आरशात." आणि त्यांनी कोकिंबोच्या बंदरातल्या भंगारातून जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच आणली.

काच हातानं घासायची म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. अंगणात वाळूनं भरलेलं एक पिंप. त्यावर एक काच पक्की बसवायची, ओली कुरुंदाची पूड टाकायची, वर दुसरी काच ठेवून ती मागेपुढे ढकलायची. थोडं ढकललं की एक पाऊल डावीकडे सरकायचं. परत ढकलायचं, परत सरकायचं. असं पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच खोलगट होत जाते. जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मैद्यासारखी. मग घरात आणून राळेच्या थापीवर तांबड्या पुडीनं झिलई. दीड वर्षात मिस्त्री त्या पिंपाभोवती इतके चालले होते, की जमिनीत गोल पन्हळ पडली होती. एर्मिंदाताई म्हणायची, "एवढं सरळ चालला असतास तर आत्तापर्यंत पेरू देशात पोचून माझी सुटका केली असतीस."

आणि हे सगळं मी दोन फटक्यांत मागे नेलं होतं.

त्यात तारीख होती. वरच्या डोंगरावरची टाकी ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी चालणार होती, मोठ्या आरशासाठी. तिथला आताचा प्रमुख येर्को हा मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला. टाकीच्या कोपऱ्यात मिस्त्रींचा आरसा ठेवायचं त्यानं कबूल केलं होतं. ती संधी गेली तर पुढची टाकी दोन वर्षांनी. आणि ला सेरेना शहरातली डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली होती, "कडा राहतील, काका. मधलं मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं मी म्हणणार नाही." आमच्याकडे उन्हाळा डिसेंबरात लागतो.

मी त्याच दुपारी बेकरीतून येर्कोला फोन केला. तो म्हणाला, "तीनच ओरखडे ना? चालतात. आमच्या आरशावर शंभर आहेत. सांग त्यांना."

मी धावत जाऊन सांगितलं.

"त्यांचा आरसा खोलीएवढा आहे," मिस्त्री म्हणाले. "माझा ताटाएवढा. त्या टोपीचा उजेड किती असतो माहितेय तुला? समुद्राकडच्या डोंगरांवर धुक्यासाठी जाळ्या लावतात, पाहिल्यास ना? धुकं हातात धरता येत नाही. पण जाळीला थेंब लागतो, थेंबाला थेंब मिळतो आणि खाली बादली भरते. जाळी मोठी तर पाणी जास्त. दुर्बीण म्हणजे तीच जाळी. तिकडून उजेड धुक्यासारखा विरत विरत येतोय, तीन कोटी वर्षं चालत येतोय. डोळ्याची बाहुली केवढी? वाटाण्याएवढी. तेवढ्यानं काय भरणार? आरसा तो सगळा गोळा करून त्या वाटाण्यात ओततो. आणि माझी बादली आधीच फुटकी आहे, लिंडोर. जाळीलाही भोकं ठेवू?"

"मग?"

"मग मागे जायचं. बारीक पुडीपासून परत."

"अडीच महिने आहेत, मिस्त्री!"

"म्हणून तर तू बडबड थांबव."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पिंपाभोवती फिरू लागले. मी पहाटेची भट्टी उतरवून, पाव वाटून, दहाला त्यांच्याकडे जायचो. टोपी फाटकावर टांगायचो. तीन वेळा हात धुवायचो. पूड टाकायला, पाणी द्यायला, फेरे मोजायला मी. एर्मिंदाताई पडवीत भोपळा चिरत माझ्यावर नजर ठेवायची.

"किती झाले?" मिस्त्री विचारायचे.

"चारशे दहा."

"मघाशी चारशे वीस म्हणालास."

"मधे तुमची बहीण मला गाढव म्हणाली, तेव्हा दहा विसरलो."

"मग तिला म्हणू दे. तू मोज."

बाहेरून बघणाऱ्याला ही मजाच वाटली असती. पण जूनमध्ये मिस्त्री पन्हळीतून चालताना पिंपाला अडखळू लागले. जून संपता संपता त्यांना चहात साखर पडली की बाहेर, हे कळेना. एकदा मी आत गेलो तर ते त्या फोटोसमोर उभे होते, नाक जवळजवळ काचेला लावून. मान या बाजूला, त्या बाजूला. मी चाहूल दिली. ते म्हणाले, "संतबाबा दिसतात. टोपीकडे बघितलं की टोपी जाते." मग हलक्या आवाजात, "रोज थोडी थोडी जाते रे. मी चालतोय आणि तीही चालतीये. माझ्याहून जोरात." त्या रात्रीच्या माझ्या कणकेत मीठ घालायचं राहिलं. गावानं आळणी पाव खाल्ले आणि कुणी काही बोललं नाही. कारण एव्हाना गावाला सगळं ठाऊक होतं. बातमी मीच वाटली होती.

जुलैमध्ये झिलई पुन्हा सुरू झाली, आणि तिथे खरी अडचण उभी राहिली. आरशाचा खोलगटपणा बरोबर झाला की नाही, ते ब्लेडनं बघतात. खिडक्या बंद करून भरदिवसा खोलीत अंधार करायचा, सुईच्या टोकाएवढा दिवा लावायचा, आरशावरून परतणाऱ्या किरणात दाढीचं ब्लेड हळूच आडवं सरकवायचं. मग आरशावर सावल्या उठतात, टेकड्या आणि खड्डे दिसतात. केसाच्या हजाराव्या भागाची चूकही डोंगराएवढी दिसते. पण ते बघायला डोळ्याचं मधलं लागतं. म्हणजे माझं.

"काय दिसतंय?"

"गोल."

"गोलच असणार, आरसा आहे. सावली कशी आहे? कशासारखी?"

मला सावल्यांचे शब्द येत नाहीत. मला एकच भाषा येते. "तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखी. मधे फुगलीये, बाजूला बसलीये."

मिस्त्रींनी विचारलं, "फुगा किती रुंद?"

"बशीएवढा."

"ठीक. मधलं घासायला हवं."

असं आमचं चालू झालं. आज आरसा मधे खचलेल्या केकसारखा, उद्या न फुगलेल्या पावासारखा, परवा एका बाजूनं करपलेला. एर्मिंदाताई दाराबाहेरून ओरडायची, "आरसा करताय की न्याहारी?" पण मिस्त्रींना माझी भाषा कळत होती. मी 'भट्टीत दार लवकर उघडल्यासारखा' म्हणालो की त्यांचे हात कुठे दाबायचं ते जाणत. पूर्ण बरा आरसा ब्लेडसमोर भोकाच्या वड्यासारखा दिसतो, त्यांनी मला सांगितलं होतं. आम्ही त्याच्या जवळ जवळ जात होतो, आणि ऑगस्ट आमच्या जवळ जवळ येत होता.

टाकीला सात दिवस राहिले असताना मी ब्लेड सरकवलं, आणि वडा दिसला. गुबगुबीत, सुबक. माझा जीव हरखला. मग कडा दिसली. एका बाजूनं बारीक, झगझगीत, नखाच्या कोरीसारखी रेघ. मिस्त्रींनी हे आधीच समजावलं होतं. कडा पडलीये, म्हणजे काठाशी काच जास्त घासली गेलीये. घाईत घासताना हात जास्त बाहेर गेले, की असं होतं. बरं करायचं तर सगळा आरसा परत उतरवायचा. तीन आठवडे.

"काय दिसतंय?" अंधारातून मिस्त्री.

माझ्या डोळ्यापुढे सकाळचा मिस्त्रींचा चहा होता. कप शोधताना त्यांचा हात टेबलावर फिरत होता, आंधळ्या कोळीकिड्यासारखा.

"लिंडोर? कशासारखं दिसतंय?"

"कशासारखं नाही. बरोबर आहे."

"आणि कडा?"

"बरोबर आहे, मिस्त्री."

मग त्यांनी हात पुढे करून आरसा चाचपला, कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ती चूक कळणं शक्यच नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "बांध."

बुधवारी आम्ही माझ्या पावाच्या गाडीतून वर गेलो. आरसा मिस्त्रींच्या मांडीवर, एर्मिंदाताईच्या लोकरी शालीत. वर येर्कोनं त्यांना मिठी मारली, आरसा उजेडात तिरका धरला, आणि मला बाजूला घेतलं.

"कडा पडलीये."

"माहितेय."

"त्यांना?"

मी टोपी हातात फिरवत राहिलो.

"तू पाववालाच बरा होतास," येर्को म्हणाला. आणि आरसा टाकीत ठेवायला गेला.

परतताना आरसा असा काही चमकत होता, की मला त्यात पाहवेना. त्यात मीच दिसत होतो.

अंगणात लाकडी पेटीची दुर्बीण तयारच होती, वर डोळा लावायच्या भिंगासकट; आरसा तिच्या तळाशी बसवला. पण पुढचे चार दिवस, एरवी वर्षभर न फिरकणारे ढग आले. ही टोपी ऑगस्टमध्ये संध्याकाळीच पश्चिमेला उतरू लागते. रोज थोडी खाली, रोज थोडी लवकर. सप्टेंबर लागला की डोंगराआड. पुन्हा उन्हाळ्याअखेर वर येणार, आणि उन्हाळ्याअखेर काय असेल ते डॉक्टरणीनं सांगितलेलंच होतं. मिस्त्री अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "फाटलं का?" मी म्हणायचो, "फाटतंय." फाटत नव्हतं. मला सवय लागली होती.

पाचव्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं आकाश धुतल्यासारखं झालं. दुर्बीण रोखायची मी, सांगायचं मिस्त्रींनी, पाठ केलेल्या आकाशावरून. "चित्रा दिसते? निळसर, एकटी. तिथून हस्ताच्या चार ताऱ्यांकडे ये. अर्ध्या वाटेच्या जरा पलीकडे." मी गुडघ्यावर, पोटावर, उताणा. दोन वेळा मी शेजारच्यांच्या धुराड्याकडे रोखली. तिसऱ्यांदा भिंगात एक फिक्कट ठिपका आला. कुणीतरी काचेवर श्वास सोडल्यासारखा.

"आहे! आहे, मिस्त्री! मधोमध आहे!"

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि डोळा लावला.

एर्मिंदाताईनं माझा दंड धरला होता. तिची नखं रुतली.

"काळं आहे," मिस्त्री म्हणाले.

"जरा थांबा. डोळा बसू दे."

ते थांबले. किती वेळ, कोण जाणे. हलले नाहीत, श्वासही भिंगावर पडू नये म्हणून तोंड वळवून घेत होते. मग म्हणाले, "मधे आहे म्हणतोस ना?"

"मधोमध."

"मधे माझ्याकडे काही नाही रे."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. दीड वर्ष पिंपाभोवती फिरताना त्यांच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. आता ते वाकूनच राहिले, कपाळ पेटीच्या लाकडाला टेकवून. एर्मिंदाताई देवाला हाका मारू लागली, आणि मधूनच मला शिव्या देऊ लागली. दोन्हीत मला फारसा फरक वाटला नाही. मला वाटलं, ती पडलेली कडा, ती मी लपवली, म्हणूनच. घाईघाईनं मी त्यांना बाजूला सारून डोळा लावला. ठिपका होता. मी नीट बघायला गेलो आणि तो नाहीसा झाला. घाबरून मी नजर भिंगाच्या कडेला नेली, आणि तो परत आला.

"हे विचित्र आहे," मी म्हणालो. "सरळ बघितलं की जातो. बाजूला बघितलं की येतो. लाजतो लेकाचा."

मिस्त्रींनी कपाळ उचललं.

"काय म्हणालास?"

"सरळ बघायचं नाही. शेजारी बघायचं."

त्यांनी मला कोपरानं ढकललं. डोळा लावला. चालताना ते आपोआप कडेनंच बघायचे, पण भिंगासमोर सत्तर वर्षांची सवय आडवी आली होती. आता मी त्यांच्या पापणीकडे बघत होतो. बुबुळ हळूच सरकलं, डावीकडे, मग जरा वर. आणि थांबलं.

एर्मिंदाताईच्या शिव्या आणि प्रार्थना, दोन्ही थांबल्या. ठिपका भिंगातून सरकत होता, आणि ते पेटीला बोटानं हळूच ढकलत त्याच्या मागे जात होते. तो डोंगराच्या काठापर्यंत उतरला, तरी डोळा हलला नाही.

मला राहवेना. माणूस बहिणीचं मन राखायलाही असं उभं राहू शकतो. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "मिस्त्री, खरं सांगा. दिसतेय, की आमच्यासाठी म्हणून उभे आहात?"

डोळा न काढता ते म्हणाले, "खोटं बोलायचं काम या घरात तुझं आहे, माझं नाही."